परभणीच्या उन्हात हलकी बॅटरी

मारुतीच्या एखाद्या छोट्या पेट्रोल गाडीचं बॉनेट उघडलं की कोपऱ्यात ३५ अँपिअर-अवरची शिसे-आम्लाची बॅटरी दिसते. तिचं वजन नऊ ते दहा किलो. बोलेरोसारख्या डिझेल गाडीत हेच वजन सोळा-अठरा किलोंवर जातं. छोट्या पेट्रोल गाडीला सेल्फ मारण्याचं हेच काम तीन-चार किलोंची लिथियम बॅटरी करू शकते. जुनी स्विफ्ट किंवा पोलो घेऊन ती हलकी, चपळ करण्याच्या मागे लागलेल्या तरुणांना हा आकडा भुरळ घालतो. त्यात नवल नाही. एकही पत्रा न कापता, एकही सीट न काढता, दोन नट सोडून सहा-सात किलो कमी करता येतील असा दुसरा भाग गाडीत क्वचितच सापडतो.

परभणी जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीची धावपट्टी नाही. ही हौस भागवायची तर कोल्हापूरजवळ हुपरी रस्त्यावरची मोहिते रेसिंग अकॅडमी गाठावी लागते, नाशिकच्या रॅलीकडे डोळे लावावे लागतात, नाहीतर अभियांत्रिकीला असताना महाविद्यालयाच्या संघात शिरून कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेत उतरावं लागतं. म्हणजे इथल्या मुलाची गाडी वर्षातले थोडे दिवस धावपट्टीवर आणि बाकी सगळे दिवस जिंतूर रोडला, वसमत रोडला, गंगाखेडच्या रस्त्याला असते. बॅटरी निवडताना हिशेब या बाकीच्या दिवसांचा करायला हवा, आणि परभणीत त्या दिवसांवर सत्ता उन्हाची आहे. लिथियम बॅटरीची जाहिरात वजनावर बोलते. आपल्या जिल्ह्यात तिचं आयुष्य मात्र ती कुठे बसवली यावर ठरतं.

कंपनीतून बाहेर पडलेल्या गाडीत ही युक्ती पहिल्यांदा वापरण्याचा मान पोर्शेकडे जातो. नोव्हेंबर २००९ मध्ये या कंपनीने ९११ जीटी३, जीटी३ आरएस आणि बॉक्स्टर स्पायडर या गाड्यांसाठी लिथियमची स्टार्टर बॅटरी देऊ केली. वजन सहा किलोंहून कमी, म्हणजे नेहमीच्या ६० अँपिअर-अवरच्या बॅटरीपेक्षा दहा किलोंहून अधिक हलकी. जर्मनीतली किंमत १,९०४ युरो. यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. पोर्शे त्या गाडीसोबत नेहमीची शिशाची बॅटरीही देत असे. कडाक्याच्या थंडीत लिथियम कमी पडते, तेव्हा ती काढून ही बसवा, असा त्यामागचा विचार. म्हणजे ही बॅटरी पहिल्यांदा देणाऱ्यांनीच तिला बारमाही मानलं नव्हतं. जर्मनीत अडचण थंडीची होती, आपल्याकडे ती उन्हाची आहे.

लिथियम बॅटरी हे एका वस्तूचं नाव नाही, ते एक कुटुंब आहे. मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये आणि बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये कोबाल्ट किंवा निकेल असलेले सेल असतात. एका सेलचा दाब सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्ट. असे तीन सेल जोडले तर ११ व्होल्ट होतात, ते गाडीला अपुरे. चार जोडले तर पूर्ण चार्जला १६.८ व्होल्ट लागतात, आणि बॅटरी चार्ज करणारा गाडीचा अल्टरनेटर १४ ते १४.५ च्या आसपास थांबतो. मापच जुळत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचा दाब ३.२ व्होल्ट असतो. असे चार सेल म्हणजे १२.८ व्होल्ट, आणि पूर्ण चार्जला साधारण १४.४. जणू मोटारीच्या मापाने बेतलेला हा सेल १९९७ साली जगापुढे आला. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी या दोघा भारतीय संशोधकांनी त्यावर काम केलं होतं. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाधी आणि नंजुंडस्वामी ही नावं मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत दिसत नाहीत, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

फॉस्फेटचा दुसरा गुण जास्त मोलाचा. कोबाल्टच्या सेलमधलं संयुग फार तापलं की फुटतं आणि त्यातून प्राणवायू सुटतो. म्हणजे आगीला लागणारा वायू आतूनच मिळतो. फॉस्फेटमध्ये प्राणवायू फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तो सहज सुटत नाही. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या एका बोइंग ७८७ विमानातली लिथियम बॅटरी पेटली. काही दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या विमानाला बॅटरीच्या धुरामुळे तातडीने उतरावं लागलं, आणि जगभरातली ती विमानं जमिनीवर थांबवली गेली. त्या बॅटऱ्या कोबाल्टच्या होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह देशात अनेक ठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, तेव्हा केंद्र सरकारने इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीचे सुरक्षा नियम कडक केले. फॉस्फेटची बॅटरी कधी पेटतच नाही असं नाही. चुकीच्या वायरिंगने, शॉर्टने, सेल चेपल्याने तिलाही धोका होतो. पण मोटारीत सेल्फसाठी लिथियम घालायचंच असेल तर ते फॉस्फेटच असावं, यात तडजोड नाही. डब्यावर रसायनाचं नाव नसेल आणि दुकानदाराला ते सांगता येत नसेल, तर ती बॅटरी घेऊ नये.

आता क्षमतेकडे येऊ, कारण ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत इथे होते. घागर मोठी असणं वेगळं आणि तिचं तोंड मोठं असणं वेगळं. अँपिअर-अवर म्हणजे घागर. सेल्फला हवं असतं मोठं तोंड. छोट्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ साधारण १५० अँपिअर ओढतो आणि दोन सेकंदांत काम संपतं. हिशेब केला तर यात ०.१ अँपिअर-अवरही खर्च होत नाही. लिथियमचं तोंड फार मोठं असल्यामुळे सहा-आठ अँपिअर-अवरची चिमुकली बॅटरीसुद्धा इंजिन झटकन फिरवते. म्हणून काही उत्पादक डब्यावर खरी क्षमता न छापता ‘इतक्या अँपिअर-अवरच्या शिशाच्या बॅटरीइतकी’ असा समतुल्य आकडा छापतात. डब्यावर २० दिसतं, आत असतात सात. सेल्फपुरतं ते खोटंही नाही. पण गाडी उभी राहिली की खरा आकडा उघडा पडतो.

बंद गाडीसुद्धा वीज खात असते. रिमोट लॉक, अलार्म, संगणक, म्युझिक सिस्टीमचं घड्याळ मिळून साधारण ३० मिलिअँपिअर जातात असं धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर, महिन्याला साडेएकवीस. ३५ ची शिशाची बॅटरी महिनाभर कशीबशी तग धरते. खऱ्या १८ ची लिथियम पंचवीस दिवसांत रिकामी होते. खऱ्या सातची दहाव्या दिवशीच बसते. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे. मुलगा पुण्यात चाकणला किंवा हिंजवडीला नोकरीला, गाडी परभणीत आई-वडिलांच्या दारात, आणि तिची किल्ली फिरते ती दिवाळीला नाहीतर लग्नसराईला. अशी घरं नानलपेठेपासून सेलू-मानवतपर्यंत गल्लोगल्ली आहेत. तिथे छोटी लिथियम बॅटरी बसवणं म्हणजे सुट्टीच्या पहिल्याच सकाळी धक्का मारायची वेळ आणणं. बॅटरी घेताना समतुल्य आकडा बाजूला ठेवा आणि खरे अँपिअर-अवर, नाहीतर वॉट-अवर विचारा. वॉट-अवरला १२.८ ने भागलं की खरी क्षमता मिळते.

थंडीत सेल्फला किती जोर मिळेल ते सांगणारा ‘कोल्ड क्रँकिंग’चा आकडाही असाच तपासून घ्यावा. अमेरिकी मापानुसार तो उणे १८ अंशांवर तीस सेकंद मोजतात. लिथियमवाले पुष्कळदा खोलीच्या तापमानावर चार-पाच सेकंदांचा झटका मोजून भला मोठा आकडा छापतात. दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. परभणीत उणे १८ कधी होणारही नाही. अर्थात आपली थंडीही कमी लेखण्यासारखी नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे आणि राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत अशा वेळी परभणीचं नाव आलेलं आहे. अशा पहाटे फॉस्फेट बॅटरी पहिल्या सेल्फला आळसावते. हेडलाइट मिनिटभर चालू ठेवले की आतून विजेचा प्रवाह जाऊन सेल थोडे गरम होतात आणि दुसऱ्या सेल्फला गाडी नीट फिरते. शिशाच्या बॅटरीच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो, लाइट बंद ठेवून सेल्फ मारतो. शून्याखाली लिथियम चार्ज केली तर तिचं कायमचं नुकसान होतं, पण परभणीकराला त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

काळजी मे महिन्याची. बाहेर ४४ अंश असताना गाडी वसमतहून धावत येते आणि स्टेशन रोडला उभी राहते. धावताना बॉनेटखालून हवा खेळत असते. थांबल्यावर ती थांबते, आणि तापलेल्या इंजिनाची सगळी धग त्या बंद जागेत साठते. पुढची वीस-पंचवीस मिनिटं बॅटरीजवळचं तापमान ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. फॉस्फेट सेल चार्ज करण्याची सुरक्षित मर्यादा बहुतेक उत्पादक ४५ ते ५५ अंशांपर्यंत देतात, वापरण्याची ६० पर्यंत. म्हणजे आपल्या बॉनेटखाली उन्हाळाभर ती मर्यादेबाहेर राहणार. स्फोट होईल असं नाही. पण सेलमधलं द्रव हळूहळू बिघडतं, क्षमता घटते, आणि जी बॅटरी आठ-दहा वर्षं चालेल असं सांगून विकली, ती दोन-तीन उन्हाळ्यांत हात टेकते. शिशाची बॅटरीही उन्हाने लवकर मरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ ठोकताळा आहे. फरक एवढाच की ती मेली तर तिच्या किमतीत लिथियमचा एक कोपराच येतो.

बॅटरी बॉनेटमधून बाहेर काढणं हा यावरचा खरा उपाय. मारुतीने २०१८ ची नवी सियाझ आणली तेव्हा तिच्या स्मार्ट हायब्रिड यंत्रणेत शिशाच्या बॅटरीसोबत छोटी लिथियम बॅटरी दिली, आणि ती इंजिनाजवळ न ठेवता पुढच्या सीटखाली बसवली. त्याच वर्षीच्या अर्टिगातही ही यंत्रणा आली. परभणीतून पुण्या-मुंबईला भाड्याने धावणाऱ्या अर्टिगांत तुम्ही बसला असाल, तर गाडीत लिथियम बॅटरी होती हे तुम्हाला कळलंही नसेल. जागा निवडण्याचा हा धडा फुकट मिळालेला आहे, तो घ्यावा. मात्र या हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला स्वतः हात लावू नये. तिथला संगणक दोन्ही बॅटऱ्यांचा हिशेब ठेवत असतो.

बॅटरी मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी नेली की वजनाची वाटणीही सुधारते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाडीत साठ टक्क्यांहून अधिक भार पुढे असतो. नाकावरचे दहा किलो काढून तीन किलो मागे ठेवले, तर वळणावर फरक जाणवतो. सरळ रस्त्यावर तो शोधूनही सापडायचा नाही. नऊशे किलोंची गाडी, दोन माणसं धरून हजाराच्या पुढे, त्यातून सहा-सात किलो म्हणजे पाऊण टक्काही नाही. स्विफ्टची ३७ लिटरची टाकी अर्धीच भरली तरी तेरा-चौदा किलो वाचतात, तेही फुकट. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला गाडीचं गणित निराळं आहे. सव्वादोनशे-अडीचशे किलोंच्या त्या सांगाड्यात तीन-चार किलो हा मोठा ऐवज असतो, आणि तिथे लिथियमचा आग्रह पूर्ण रास्त आहे.

जागा बदलताना वायर चांगली हवी. ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची चार मीटर केबल १५० अँपिअरला साधारण ०.३ व्होल्ट खाते. १६ ची घेतली तर साधारण ०.६५ व्होल्ट. म्हणजे महागडी बॅटरी घ्यायची आणि तिचा जोर वायरीत घालवायचा. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवा, आणि बॅटरीच्या अगदी जवळ योग्य ताकदीचा फ्यूज. हा फ्यूज टाळणारे पुष्कळ आहेत. लिथियम शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर सोडते, पाना आडवा पडला तर तो चिकटून लाल होतो. डिकीत पाना-जॅक सुटे खेळत असतील तर प्लसच्या टर्मिनलला टोपी हवीच. शर्यतीच्या नियमांतही बॅटरी घट्ट आवळलेली, टर्मिनल झाकलेलं आणि सगळी वीज तोडणारा मुख्य स्विच बाहेरून हाताशी असणं अपेक्षित असतं. मराठवाड्यातल्या काळ्या मातीवरच्या रस्त्यांना हाच नियम लावायला हरकत नाही.

लिथियम बॅटरीच्या आत एक छोटा पहारेकरी सर्किट असतो, त्याला सगळे बीएमएस म्हणतात. चारही सेल समान ठेवणं, दाब फार उतरला, फार चढला किंवा उष्णता वाढली की बॅटरी तोडणं हे त्याचं काम. तो असायलाच हवा. पण त्याची तोडण्याची सवय नीट समजून घ्या. गाडी चालू असताना त्याने बॅटरी अचानक तोडली, तर अल्टरनेटरला आधार राहत नाही, दाब उसळतो आणि गाडीच्या संगणकाला, इलेक्ट्रिक स्टिअरिंगला झटका बसू शकतो. म्हणून बसवण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अल्टरनेटर तपासून घ्यावा. इंजिन चालू, लाइट आणि एसी चालू-बंद करून मीटर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान राहायला हवा. जुन्या गाडीचा रेग्युलेटर १५ दाखवत असेल तर आधी तो बदला.

मीटरचीच आणखी एक गोष्ट आपल्या बॅटरीवाल्यांना सांगायला हवी. शिशाची बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते तेव्हा ती भरलेली असते. फॉस्फेट भरलेली असते तेव्हा १३.३ च्या वर दाखवते आणि १२.७ ला ती जवळपास रिकामी असते. सवयीने मीटर लावून ‘चांगली आहे’ म्हणणाऱ्या कारागिराचा दोष नाही, त्याचं माप दुसऱ्या बॅटरीचं आहे. दुकानातले जुने चार्जरही असेच. शिशावरची साय काढण्यासाठी काही चार्जर १५ व्होल्टच्या वर जातात, ते लिथियमला लावू नयेत. बसलेल्या लिथियमला ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप देणं तर साफ चूक.

दोन्हींच्या मधला एक रस्ताही आहे. काचेच्या तंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवलेली, एजीएम नावाची बंद शिशाची बॅटरी. यातली ओडिसी ब्रँडची पीसी६८० जगभरच्या शर्यतवाल्यांत आणि छोट्या विमानांत नावाजलेली आहे. १६ अँपिअर-अवर, वजन सात किलो. लिथियमइतकी हलकी नाही, पण नेहमीच्या अल्टरनेटरवर आणि चार्जरवर चालते आणि बीएमएसचा प्रश्न येत नाही. ज्याला पहिल्यांदा वजन कमी करून पाहायचं आहे त्याने इथून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

बाकी निकाल मी असा देईन. रोजची गाडी, बॉनेटखालची जागा, महिनोन्‌महिने उभं राहणं यांपैकी एकही गोष्ट लागू असेल तर परभणीत शिशाचीच बॅटरी ठेवा. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावूच नका, ती वॉरंटी जाऊ शकते. गाडी खास धावपट्टीसाठी असेल, तर खरे १२ ते २० अँपिअर-अवर असलेली, बीएमएसची फॉस्फेट बॅटरी सीटखाली बसवा आणि एप्रिल-मेमध्ये गाडी उभी असेल तेव्हा ती काढून अर्धी-अधिक चार्ज करून घरात सावलीला ठेवा. तीन किलोंचीच तर आहे. आणि घेण्याआधी एक करा. मे महिन्यात दुपारी गाडी तासभर चालवून थांबवा, जिथे बॅटरी बसवायची तिथे थर्मामीटर ठेवा, अर्ध्या तासाने वाचा. बंद गाडी उन्हात उभी राहिली तर आतली जागाही ६० पर्यंत तापते, म्हणून सीटखालची जागाही मोजा. आकडा ५५ च्या वर गेला तर ती जागा लिथियमची नाही.

काढलेली जुनी बॅटरी घरामागे टाकून ठेवू नका आणि ती फोडून आम्ल नालीत ओतणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नका. ते शिसं मातीत उतरलं की आपल्याच बोअरच्या पाण्यात येतं. बॅटरीच्या दुकानात ती वजनावर घेतात आणि नव्या बॅटरीच्या बिलातून तेवढे पैसे वजा करतात. लिथियमला भंगारात असा भाव नाही, पण २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. म्हणून बिल जपून ठेवा, आणि घेतानाच दुकानदाराला विचारा की मेल्यावर ही परत कोण घेणार.